स्निग्ध त्वचा आणि विद्युत्-उत्तेजन : टेन्स यंत्राच्या सुरक्षित वापराचा विचार

कटिबस्तीच्या द्रोणीशेजारी, नाडीस्वेदाच्या नळीजवळ किंवा अग्निकर्माच्या शलाकांलगत अनेक वैद्यांच्या चिकित्सालयांत आता आणखी एक लहानशी पेटी दिसते. तिला दोन किंवा चार तारा असतात, तारांच्या टोकांना चिकट पॅड असतात आणि दर्शनी भागावर एक-दोन फिरती बटणे असतात. टेन्स या नावाने ती ओळखली जाते. त्वचेवरून मज्जातंतूंना सौम्य विद्युत्-स्पंद देऊन वेदना कमी करणे एवढेच तिचे काम. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात पाथर्डी-शेवगावपासून अकोल्यापर्यंत व्यवसाय करणाऱ्या आमच्यासारख्या वैद्यांकडे ही पेटी बहुधा औषधविक्रेत्याच्या आग्रहामुळे किंवा रुग्णाच्या मागणीमुळे येते; शिक्षणामुळे क्वचितच येते. यंत्रासोबतची पुस्तिका इंग्रजीत असते व ती खोक्यातच राहते. मग चिकित्सालयातील मदतनीस मुलगा दोन दिवसांत बटणे फिरवायला शिकतो आणि यंत्र त्याच्या हाती जाते.

प्रस्तुत लेखात या यंत्राची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. आधुनिक भौतिकोपचाराच्या ग्रंथांत त्याचे निषेध व विधी सविस्तर दिलेले आहेत. परंतु ते लिहिणाऱ्यांसमोर तेल न लावलेला रुग्ण आहे. आपल्याकडे येणाऱ्या रुग्णाच्या अंगावर मात्र अभ्यंगाचे तेल असते, स्वेदनाचा घाम असतो, कधी लेपाचा थर असतो, कधी जळूचा किंवा सुईचा ताजा व्रण असतो. त्या त्वचेवर हेच यंत्र निराळे वागते. आमच्या मते आपल्या व्यवसायबंधूंच्या हातून होणाऱ्या इजांचे मुख्य कारण येथेच आहे, म्हणून लेखाचा बराचसा भाग आम्ही त्यासाठीच राखला आहे.

पूर्वपीठिका

वेदनेवर विजेचा उपयोग ही कल्पना जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात स्क्रिबोनियस लार्गस या रोमन वैद्याने वातरक्तासारख्या पायाच्या वेदनेसाठी व जुनाट शिरःशूलासाठी विद्युत्-मासा अंगाला लावण्याचे सांगितले होते. तथापि आजच्या यंत्रामागील शास्त्रीय भूमिका १९६५ सालची आहे. त्या वर्षी रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी वेदनेचा 'द्वार-सिद्धांत' मांडला. स्पर्श व दाब वाहून नेणारे जाड तंतू उत्तेजित झाले की सुषुम्नेच्या पातळीवर वेदना वाहणाऱ्या बारीक तंतूंचा मार्ग काही अंशी अडतो, हा त्याचा गाभा. ठेच लागताच आपण ती जागा आपोआप चोळतो, त्याचे स्पष्टीकरणही यात सापडते. १९६७ मध्ये वॉल आणि स्वीट यांनी विद्युत्-स्पंदांनी मनुष्याची वेदना तात्पुरती शमवून दाखवली. त्याच सुमारास नॉर्मन शीली हे सुषुम्नेजवळ शस्त्रकर्माने उत्तेजक बसवू लागले. अशा शस्त्रकर्मासाठी रुग्ण निवडताना त्वचेवरून उत्तेजन देऊन चाचणी घेतली जाई, आणि काही रुग्णांना त्या चाचणीनेच पुरेसा आराम पडतो असे दिसून आले. पुढे त्या चाचणीचेच स्वतंत्र उपकरण झाले.

सामान्यतः ८० ते १२० हर्ट्झ इतक्या जलद स्पंदांनी केवळ झिणझिण्या जाणवतात व आराम लवकर पडतो. तो यंत्र बंद केल्यावर बहुधा लवकर ओसरतो. २ ते ४ हर्ट्झच्या मंद, तीव्र स्पंदांनी स्नायू फडफडतात, शरीरातील अफूसदृश वेदनाहर द्रव्ये स्रवतात आणि आराम थोडा उशिरा पण जास्त वेळ मिळतो. ठरावीक मात्रा रोज तशीच दिली तर काही दिवसांत परिणाम मंदावतो. एक गमतीची नोंद येथे करावीशी वाटते. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात २०० मिलिग्रॅम कॅफिन घेतलेल्यांमध्ये टेन्सचा वेदनाशामक परिणाम घटलेला आढळला. नगरी रुग्ण चहा घेतल्याशिवाय चिकित्सालयाची पायरी चढत नाही, हे आपण सर्वजण जाणतोच!

या यंत्राने व्याधी बरी होते काय? नाही. २०२२ मध्ये 'बीएमजे ओपन' या नियतकालिकात ३८१ यादृच्छिक चाचण्यांचा व २४,५३२ सहभागींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. टेन्स चालू असताना व त्यानंतर लगेच वेदनेची तीव्रता कमी होते, असा त्याचा निष्कर्ष आहे. दुसरीकडे ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शिकेत कटिशूलासाठी टेन्स देऊ नये असे स्पष्ट म्हटले आहे. या दोहोंत आम्हांस विरोध दिसत नाही. तात्पुरते वेदनाशमन होते, पण केवळ त्याच्या बळावर जुनी कंबर सुधारत नाही, हा दोहोंचा मिळून अर्थ. आपल्या परिभाषेत सांगायचे तर हे लक्षणोपशमन आहे. गृध्रसी, अवबाहुक, मन्यास्तंभ किंवा संधिगतवात यांची संप्राप्ती त्याने भंग पावत नाही. रुग्णाला व्यायाम करता यावा, बस्तीसाठी कुशीवर वळता यावे, रात्री झोप लागावी, एवढ्यापुरते त्याचे साहाय्य घ्यावे.

आमच्या हातून झालेली एक चूक

काही वर्षांपूर्वी साठीच्या आसपासचे एक शेतकरी गृध्रसीसाठी आमच्याकडे आले. मधुमेह दहा-बारा वर्षांचा. कटिबस्ती झाली, उजव्या पायास अभ्यंग व नाडीस्वेद झाला. पोटरीच्या बाहेरील बाजूस व घोट्याच्या वर वेदना शिल्लक होती, म्हणून मदतनिसाने तेथेच टेन्सचे दोन पॅड लावले. तेल फडक्याने वरवर पुसलेले होते. पॅड नीट चिकटेनात, तेव्हा त्यांवर पट्टी गुंडाळली गेली. बटण हळूहळू फिरवताना "काही वाटतंय का, बाबा?" असे विचारले जात होते आणि प्रत्येक वेळी उत्तर येत होते, "काही लागत नाही, वाढवा." सायंकाळी घरी गेल्यावर त्यांच्या मुलास घोट्याजवळ दोन फोड दिसले. व्रण भरण्यास सात आठवडे लागले. त्या काळात कोपरगावच्या मुलीकडे ठरलेले त्यांचे जाणे राहिले आणि कांद्याची काढणी दुसऱ्यांवर सोपवावी लागली. त्यांनी आम्हांला एका शब्दानेही दोष दिला नाही. त्यामुळे दोष आमचाच होता हे अधिक ठळकपणे कळले.

या प्रसंगात तीन चुका एकात एक गुंतल्या होत्या. पायाची संवेदना आम्ही तपासली नव्हती. तेलकट त्वचेवर पॅड लावले गेले. आणि "काही लागत नाही" हे वाक्य आम्ही यंत्राची मात्रा कमी पडत असल्याची खूण मानले. ते खरे तर यंत्र बंद करण्याचे कारण होते. हस्तपादांची सुप्तता हे चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांत सांगितलेले लक्षण आम्ही विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहोत. ते पाठ असणे आणि रुग्णाच्या घोट्याशी आठवणे, यांतील अंतर त्या दिवशी कळले.

येथे एक सूक्ष्म भेद सांगणे आवश्यक आहे. मधुमेहजन्य मज्जाविकृतीच्या वेदनेत टेन्सचा विचार करावा, असे अमेरिकेतील मज्जाशास्त्र अकादमीने २०१० मध्ये म्हटले होते. म्हणजे मधुमेह असणे हाच निषेध नव्हे. दाह व टोचणी असून स्पर्शज्ञान शाबूत आहे, अशा पायाला यंत्र लावता येते. स्पर्शज्ञान गेलेल्या पायाला लावू नये. हा निर्णय रक्तशर्करेच्या कागदावरून होत नाही. कापसाचा बोळा आणि टूथपिकचे टोक घेऊन, रुग्णाचे डोळे मिटवून, जेथे पॅड लावायचे तेथेच 'बोथट की टोकदार' हे विचारावे लागते. दोन मिनिटांचे काम आहे. कुष्ठ, म्हणजे महारोग, झालेल्या व उपचार पूर्ण केलेल्या व्यक्तींनाही हेच लागू. २००५ च्या अखेरीस देशपातळीवर या रोगाचे सार्वजनिक आरोग्य समस्या म्हणून निर्मूलन झाल्याचे घोषित झाले, तरी नवे रुग्ण आजही आढळतात आणि जुन्या रुग्णांचे बधिर झालेले हात-पाय तसेच आहेत.

तेल, घाम आणि प्रवाह

आता मुख्य विषयाकडे वळू. कोरड्या, धडधाकट त्वचेचा विद्युत्-रोध हजारो ओहम, प्रसंगी लाखाच्या घरात असतो. तीच त्वचा घामाने किंवा पाण्याने भिजली की रोध एकदम खाली येतो. तेल हे त्याच्या उलट, विजेचे दुर्वाहक आहे. पॅडखाली तेलाचा पातळ थर सर्वत्र सारखा पसरला असता तर प्रवाह कमी झाला असता, एवढेच. पण तसे होत नाही. तेल ठिकठिकाणी असते, पॅड काही भागांतच चिकटतो आणि सर्व प्रवाह त्या चिकटलेल्या लहानशा जागेतून आत शिरतो.

याचा ढोबळ हिशेब करून पाहावा. समजा यंत्र ५० मिलिअँपिअरचे, २०० मायक्रोसेकंद रुंदीचे स्पंद सेकंदाला १०० वेळा देते. सेकंदाचा केवळ पन्नासावा भाग प्रवाह चालू असतो, म्हणून त्याचे परिणामी मूल्य, ज्यास आर.एम.एस. म्हणतात, सुमारे ७ मिलिअँपिअर येते. पाच सेंटीमीटर चौरस पॅडचे क्षेत्र २५ चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.२८ मिलिअँपिअर, अगदी सुरक्षित. तेलामुळे पॅडचा केवळ ३ चौरस सेंटीमीटर भाग टेकलेला राहिला तर हीच घनता २.३ च्या वर जाते. दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिअँपिअरहून अधिक घनता होत असल्यास विशेष दक्षता घ्यावी, असे आंतरराष्ट्रीय विद्युत्-तंत्र आयोगाचे या उपकरणांविषयीचे मानक सांगते. बटण तेथेच आहे, आकडा तोच आहे आणि सुरक्षिततेची रेषा मात्र ओलांडली गेली आहे. बहुतेक टेन्स यंत्रे प्रवाह स्थिर राखणारी असतात. वाटेत रोध वाढला तर दाब वाढवून ती ठरलेला प्रवाह ढकलतातच. पॅड अर्धा सुटला म्हणून यंत्र आपोआप नरमेल, ही समजूत अशा यंत्रांच्या बाबतीत खोटी ठरते.

स्वेदनानंतरची गोष्ट निराळी. तेथे त्वचा उष्ण व ओली असते, रोध कमी असतो. दाब स्थिर राखणाऱ्या यंत्रांत अशा वेळी प्रवाह वाढतो. काल चार आकड्यावर सौम्य वाटलेली संवेदना आज चार आकड्यावरच झटका देते. सैंधवयुक्त पिंडस्वेद किंवा क्षारयुक्त लेप धुतल्यावर त्वचेवर राहिलेला लवणांश ही वाहकता आणखी वाढवतो, आणि कडेला साचलेला ओलावा प्रवाहाला पॅडबाहेरची वाट करून देतो.

म्हणून क्रमाचा प्रश्न महत्त्वाचा. आधी स्नेहन-स्वेदन करून मग यंत्र लावण्याचा प्रघात आम्ही पूर्णतः सोडला आहे. मग आधी यंत्र व नंतर स्वेदन करावे काय? येथेही सावधपणा हवा. टेन्सने वेदनेची जाणीव काही काळ दबलेली असते. त्या जागी लगेच उष्ण तेल किंवा वाफ दिल्यास 'पोळते' हे रुग्णास उशिरा कळेल. शक्य तेथे दोन्ही उपक्रम वेगवेगळ्या दिवशी किंवा सकाळ-संध्याकाळ विभागून करावेत, हे उत्तम. बाहेरगावच्या रुग्णाला एकाच फेरीत दोन्ही द्यावे लागले तर प्रथम कोरड्या त्वचेवर टेन्स द्यावे, किमान तासभर थांबावे, स्पर्शज्ञान पुन्हा पाहावे आणि तेलाचे तापमान रुग्णाच्या सांगण्यावर न ठेवता वैद्याने स्वतःच्या हातावर पाहावे.

अभ्यंग झालेलाच रुग्ण समोर असेल व यंत्र देणे आवश्यकच असेल, तर फडक्याने पुसणे पुरेसे नाही. हरभऱ्याच्या पिठाने तेल काढावे, नंतर साबणाने दोनदा धुवावे, पूर्ण कोरडे करावे आणि पॅड चारही कडांनी टेकतो की नाही ते बोटाने दाबून पाहावे. पिठाचे कण राहू देऊ नयेत. कार्बन-रबराचे पॅड वापरीत असल्यास त्यांसाठीचे वाहक जेलच लावावे. जेल संपले म्हणून खोबरेल लावलेले आम्ही पाहिले आहे. ते का चालत नाही, हे वर आलेच आहे.

अग्निकर्म, विद्धकर्म, रक्तमोक्षण किंवा जलौकावचारण ज्या जागी झाले आहे, तेथे त्वचा पूर्ववत होईपर्यंत पॅड लावू नये. त्वचेचा वरचा थर तुटला की तिचा रोध नाहीसा होतो व लहानशा छिद्रातून प्रवाह एकवटतो. सोरायसिस, विचर्चिका, खाजवून झालेले ओरखडे यांनाही हाच नियम.

निषिद्ध स्थाने व निषिद्ध रुग्ण

सुश्रुताचार्यांनी अग्निकर्माच्या अध्यायात तंत्र सांगण्याबरोबरच ते कोणास करू नये हेही सांगितले आहे : पित्तप्रकृतीचा, दुर्बळ, बालक, वृद्ध, भित्रा, ज्याच्या शरीरातील शल्य अद्याप काढलेले नाही असा. विद्युत्-उत्तेजनाकडे पाहताना हीच दृष्टी ठेवावी. 'शल्य' या शब्दापाशी आजच्या वैद्याने क्षणभर थांबावे. हृदयाचा पेसमेकर किंवा छातीत बसवलेले डिफिब्रिलेटर असलेल्या रुग्णास आपण हे यंत्र लावू नये. यंत्राचे स्पंद पेसमेकरला हृदयाचेच ठोके वाटून तो आपले काम थांबवू शकतो. डिफिब्रिलेटर अकारण झटका देऊ शकतो. खेड्यातील वृद्ध रुग्ण 'पेसमेकर' हा शब्द सांगेलच असे नाही. 'छातीत मशीन बसवलंय का?' असे विचारावे आणि सदरा काढून डाव्या-उजव्या गळपट्टीच्या हाडाखालील व्रण व उंचवटा पाहावा. हाडात बसवलेली पट्टी किंवा स्क्रू यांमुळे टेन्स सरसकट वर्ज्य ठरत नाही, मात्र धातू त्वचेलगत असेल तेथे टाळावे. शॉर्टवेव्ह डायथर्मीचा निषेध याहून फार कडक आहे. दोहोंची गल्लत करू नये. चिकित्सालयात डायथर्मी असल्यास ती चालू असताना टेन्सचा रुग्ण तिच्यापासून किमान तीन मीटर दूर ठेवावा, कारण तिच्या लहरींनी टेन्सचा प्रवाह अनिश्चित होतो.

स्थानांच्या बाबतीत मर्मशारीराचा आधार घेता येतो. १०७ मर्मांपैकी हृदय व कंठातील सिरामातृका ही सद्यःप्राणहर मानली आहेत; कंठनाडीच्या दोन्ही बाजूंस नीला व मन्या सांगितल्या आहेत. गळ्याच्या पुढील व बाजूच्या भागावर पॅड लावल्यास रक्तदाब एकाएकी घसरणे, नाडी मंद होणे, स्वरयंत्र आकसणे हे धोके आधुनिक शास्त्र सांगते. एक पॅड छातीवर व दुसरा पाठीवर, किंवा एक एका हातावर व दुसरा दुसऱ्या हातावर असे लावू नये. प्रवाहाची वाट हृदयातून जाऊ नये यासाठी हे. मर्मांची यादी आणि आधुनिक निषेधांची यादी नकाशासारख्या एकमेकींवर बसतात, असा आमचा दावा नाही. तसे बसवण्याचा उत्साह काही लेखांत दिसतो, तो आम्हांस पटत नाही. परंतु मर्म आठवताच वैद्याचा हात थांबतो, हा त्या शास्त्राचा उपयोग येथेही होतो. मन्यास्तंभात पॅड मानेच्या मागे, पृष्ठवंशाच्या दोन्ही बाजूंस, केसांच्या रेषेखाली लावावेत. मन्या या शब्दामुळे नवखा मदतनीस नेमका मानेच्या पुढच्या बाजूस सरकतो, तेवढे सांभाळावे.

डोळ्यांवर किंवा तोंडाच्या आत पॅड नको. अपस्माराच्या रुग्णास डोके व मान यांवर नको. अर्बुदाच्या जागी नको. एका पोटरीस सूज, उष्णता व दाबल्यास वेदना असेल तर सिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तेथे यंत्रही नको आणि मर्दनही नको, तो रुग्ण त्वरित रुग्णालयात पाठवावा. गर्भिणीच्या उदरावर, कटीवर व श्रोणिभागी लावू नये. पाळी केव्हा आली होती हे प्रत्येक तरुण स्त्रीस विचारल्याविना कंबरेला पॅड लावू नये, आणि हा प्रश्न सासू किंवा मुकादमासमोर विचारू नये.

ऊसतोडीची कंबर

या जिल्ह्यात १९५० साली प्रवरानगर येथे सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे कारखानदारी पसरत गेली. पाथर्डी, शेवगाव, जामखेड येथील व शेजारच्या बीडमधील टोळ्या दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघतात. दिवसभर कमरेत वाकून तोडणी, मग तीस-चाळीस किलोंची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून वाहनावर चढणे, तेही पुष्कळदा रात्री. हंगामात यांच्यातील कोणी कंबर धरून आला की त्याची मागणी एकच असते : उद्या कामावर उभे राहता आले पाहिजे. उचल घेतलेली असते, खाडा परवडत नाही.

टेन्सने अशा रुग्णास अर्ध्या तासात बरे वाटते, आणि खरा धोका तेथेच असतो. वेदना दबली आहे, पण आवळलेले स्नायू किंवा सरकलेली चकती जेथल्या तेथे आहे. तो त्याच रात्री पुन्हा फळीवर चढतो. आमचा प्रघात असा की विश्रांती मिळणार नसेल तर कामापूर्वी यंत्र द्यायचे नाही, काम संपल्यावर रात्री द्यायचे. तेही कारण ठरल्यावर. कंबरदुखीसोबत ज्वर, वजन घटणे, रात्री वाढणारी वेदना, मूत्र अडणे किंवा नकळत होणे, गुदाभोवती बधिरता, पायातील शक्ती जाणे यांपैकी काहीही असेल तर यंत्र बाजूला ठेवावे. मणक्याचा क्षय आजही आपल्याकडे दिसतो. वेदना कमी झाल्यामुळे त्याचे निदान महिनाभर पुढे गेले तर ते पाप यंत्राचे नसते. डाव्या खांद्यापासून हाताकडे जाणारी, चालल्याने वाढणारी वेदना अवबाहुक समजून पॅड लावण्यापूर्वी हृदयाचा आलेख काढून घ्यावा, हेही येथेच सांगतो.

उसाच्या फडात सर्पदंश होतात, म्हणून एक विषयांतर. १९८६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पत्रात इक्वेडोरमधील सर्पदंशांवर विजेच्या झटक्याने गुण आल्याचे म्हटले होते. नंतरच्या प्राणिप्रयोगांत ते टिकले नाही. टेन्स असो वा वाहनाची बॅटरी, सर्पदंशावर वीज लावू नये. प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.

वीज कोठून येते?

घरगुती विजेचा १ मिलिअँपिअर प्रवाह जेमतेम जाणवतो, सुमारे १० ला हात सुटत नाही आणि १०० च्या आसपास हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. टेन्सचे स्पंद ५० मिलिअँपिअरचे असूनही ते सोसतात, कारण ते क्षणाच्या अतिसूक्ष्म भागापुरते असतात. भिंतीतील वीज गळून रुग्णापर्यंत पोहोचली तर तिला ही मर्यादा नसते. म्हणून लहान चिकित्सालयासाठी बॅटरीवर चालणारे यंत्र श्रेयस्कर. ते चार्जिंगला लावलेले असताना रुग्णाच्या अंगावर कधीही ठेवू नये. भिंतीच्या विजेवर चालणारे यंत्र, विशेषतः आय.एफ.टी., असेल तर अर्थिंग तारतंत्र्याकडून मोजून घ्यावे. जुन्या वाड्यांतील तीन छिद्रांच्या खोबणीत तिसरी तार असतेच असे नाही. वीज गेली की प्रथम बटण शून्यावर आणावे व पॅड काढावेत. जुन्या यंत्रांत बटण होते तेथेच राहते आणि वीज परतताच रुग्णास पूर्ण मात्रेचा झटका बसतो. भारनियमनाच्या वर्षांत असे दचकून टेबलावरून पडलेले रुग्ण आम्ही ऐकले आहेत.

यात्रेत किंवा फिरत्या विक्रेत्याकडून घेतलेली यंत्रे रुग्ण दाखवायला आणतात. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे औषधविषयक कायद्याच्या कक्षेत आली आहेत. पेटीवर उत्पादकाचा किंवा आयातदाराचा पत्ता व परवाना क्रमांक नसेल, तर तिच्यावर विश्वास ठेवू नये. स्नायू आकुंचित करणारी 'पोट कमी करण्याची' पट्टी म्हणजे टेन्स नव्हे. थेट, एकाच दिशेने वाहणारा प्रवाह देणारे जुने गॅल्व्हॅनिक यंत्र तर मुळीच नव्हे. ते पॅडखाली क्षार व आम्ल निर्माण करून त्वचा जाळू शकते.

लावण्याचा विधी

रुग्णास आधी सांगावे की मुंग्या आल्यासारखे वाटेल, दुखणार नाही. दुखल्यास तत्काळ सांगावे. स्पर्शज्ञान पाहावे, त्वचा धुऊन कोरडी करावी. यंत्र बंद असतानाच पॅड लावावेत. दोन पॅडमध्ये किमान एक इंच अंतर असावे. बटण शून्यापासून हळूहळू, शक्य तर रुग्णाच्याच हाताने वाढवावे. संवेदना स्पष्ट पण सुखावह झाली की थांबावे. काही मिनिटांनी ती मंदावते, तेव्हा किंचित वाढवता येते. प्रथम दिवशी वीस मिनिटे पुरे. मध्येच पॅड उचलून जागा बदलायची असेल तर आधी यंत्र बंद करावे. चालू यंत्राचा पॅड उचलला की अखेरच्या टेकलेल्या कडेतून सर्व प्रवाह जातो. झोपलेल्या रुग्णास लावू नये. घरी वापरणाऱ्यांना सांगावे की ट्रॅक्टर, दुचाकी किंवा कडबाकुट्टी चालवताना ते अंगावर नको, न्हाणीघरात नको, लहान मुलांच्या हाती नको. चिकट पॅड एका रुग्णाचा दुसऱ्यास वापरू नये. त्यांवर रुग्णाचे नाव लिहून पिशवीत ठेवावेत. चिकटपणा गेला की ओले बोट फिरवून ते पुन्हा पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा.

मदतनिसास हे सारे शिकवण्यासाठी लोणी किंवा विळद घाट येथील भौतिकोपचार महाविद्यालयांतील तज्ज्ञांचे साहाय्य मागावे. भौतिकोपचार हा २०२१ च्या कायद्यान्वये मान्यता असलेला स्वतंत्र व्यवसाय आहे. आठवड्यात दहाहून अधिक रुग्णांना यंत्र लागत असेल तर प्रशिक्षित भौतिकोपचारतज्ज्ञास आठवड्यातून एक दिवस बोलावणे वैद्यास महाग पडत नाही. आम्ही तसे करू लागलो, तेव्हा आमच्याकडील यंत्राचा वापर निम्म्यावर आला. उरलेल्या निम्म्यांना त्याची गरजच नव्हती.

यंत्र काढल्यावर त्वचा पाहावी. पॅडच्या आकाराची समान, फिकट लाली तासाभरात जाते. ठिपक्याठिपक्यांची गडद लाली, पांढरट डाग किंवा फोड हे दाहाचे चिन्ह होय. अशा वेळी पंधरा-वीस मिनिटे थंड, वाहते पाणी सोडावे, फोड फोडू नये, स्वच्छ कोरडी पट्टी ठेवावी. लगेच तूप, हळद किंवा लेप थापू नये, जखम किती खोल आहे ते झाकले जाते. बधिर पायावरील, मधुमेही रुग्णावरील किंवा पांढरा व वेदनारहित दाह त्याच दिवशी शल्यतज्ज्ञास दाखवावा. केसपत्रावर पॅडची जागा, बटणाचा आकडा, वेळ व त्वचेची स्थिती लिहावी आणि रुग्णास दुसऱ्या दिवशी बोलवावे. तो येऊ शकत नसेल तर त्याच्या घरी दूरध्वनी करून विचारावे.